कान नाथाच पिळणार

तलवाडा
३ एप्रिल २०२५

आत्या,

पाया पडते, पण आज रागात पडते, हे आधीच सांगते. तुला फोनवर ऐकू येत न्हाई, आन् मोबाईलवर लिहिलं तर तुझी नातवंडं मोठ्यानं वाचून घरभर करतात. म्हणून पत्र. दार लावून वाच.

काल आबा म्हणाले, लग्नात जीवनरावांचा कान बंकट पिळणार, आत्यानं ठरवलंय. मी पीठ मळत होते, हात तसाच परातीत राहिला. बंकट चुलत्याचा पोरगा हाय, चांगला हाय, माझं काही म्हणणं न्हाई. पण मला सख्खा भाऊ हाय की! नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा आन् बजावायचं, माझ्या बहिणीला नीट वागव, न्हाईतर गाठ माझ्याशी हाय. ही गाठ बंकटशी कावून? बारावीनंतर मला घरी बसवायला निघालते, तवा जेवणाचं ताट परत पाठवत कोण बसला? बंकट?

नाथादादा बाभळीवरून पडला तवा पंधरा वर्षांचा होता. शेळ्यांना पाला तोडायला चढलता. तवापासून तो खुर्चीवर हाय. लोकांना वाटतं आमी रोज रडत बसतो. आत्या, आमाला भांडायलाच दिवस पुरत न्हाई. मी धुतलेली चादर त्याच्या खुर्चीवर वाळत टाकली की तो बोंब मारतो. तो बाजेवर गेला की मी खुर्चीत बसून भाकर खाते, मंग पुन्हा बोंब. चाकात काटा गेला की पंक्चर मी काढायचं आन् शिव्या पण मीच खायच्या. आबांनी दाराचा उंबरा तासून सपाट केला तवा गल्लीतल्या बायका कुजबुजल्या. माय म्हणाली, बरं झालं, आता लक्ष्मीला पण ठेच लागायची न्हाई.

बाजारात तर तू बघितलंच हायस त्याला. शेळ्या-बोकडांचा सौदा करायचा तर मोठमोठे व्यापारी त्याच्यापुढं उकिडवे बसतात आन् रुमालाखाली हात देतात. त्याची बोटं धरून भाव ठरतो. जीवनराव पण बसलते एकदा, वडवणीच्या बाजारात, एका काळ्या बोकडासाठी. बोकडासाठी बसले तर कानासाठी बसायला काय होतंय?

कार्यालयाचं स्टेज उंच हाय, एवढंच ना? चार पोरं खुर्चीसकट उचलून नेतील. मी ठरवलंय. आन् बंकट कानाजवळ आलेला दिसला तर मी मुंडावळ्या सोडून उठंन. मंग तूच बस पाटावर.

तुझी, अजून तरी लाडकी,
सुकन्या

*

युसूफ वडगाव
९ एप्रिल

सुके,

दार लावून वाचलं. तरी सून विचारतीच, तोंड कावून लाल झालं म्हणून.

पाटावर बसायचं माझं वय गेलं, न्हाईतर तुझ्यापेक्षा बरी दिसत होते. तुझ्या आबाला, आसारामाला विचार, माझ्या भावाला खोटं बोलता यायचं न्हाई.

तू मला लई बोललीस. बोल. कान अर्धे गेलेत, त्यामुळं अर्धंच लागतं. पण वडवणीचं स्थळ आणलं कुणी? म्या. जीवनचा बाप अर्जुनराव वाईट मानूस न्हाई, फक्त मोठेपणाची हौस दांडगी. ते कार्यालय त्यांनी स्टेज बघून घेतलंय. एवढं उंच, की मागच्या रांगेतल्या मानसाला नवरदेवाचा बूट दिसावा. आता तिथं तू चार पोरांच्या खांद्यावर भावाला चढवणार. पोरी, लग्न हाय का गणपती?

बंकटचं नाव म्या इचार करून घेतलंय. कावून घेतलं ते इचारू नको, सांगणार न्हाई. जबान दिली हाय. एवढंच म्हणते, तू गावभर सांगत सुटलीस, पण ज्याला इचारायला पाहिजे त्या एका मानसाला इचारलंस का?

मायला सांग, तिनं धाडलेल्या तिळाच्या चटणीत मीठ कमी पडलंय.

तुझी आत्या

*

तलवाडा
१४ एप्रिल

आत्या,

एका माणसाला विचारायचं म्हणतेस. कळलं मला तो माणूस कोण ते. अर्जुनरावांनी तुझ्याकडून जबान घेतली ना? माझ्या भावानं कुठं बसायचं, कुठं न्हाई, हे मी सासऱ्याला विचारायचं? अजून सून झाले न्हाई मी त्यांची!

पाव्हणे मला बघायला आले त्या दिवशीचं सांगते, तू नव्हतीस. चुलती म्हणाली, नाथाला मागच्या दारी शेळ्यांत बसवा, पाव्हणे गेले की आणा पुढं. मी म्हणाले, मंग मला पण शेळ्यांतच बघू द्या. मायनं डोक्याला हात लावला. तेवढ्यात दादाच आला, मांडीवर पाण्याच्या तांब्या-पेल्यांचं ताट घेऊन, चाकं फिरवत. थेंब सांडला न्हाई. जीवनराव त्याला बघून हसले, म्हणाले, अरे, ह्यांनीच मला त्या बोकडात बुडवलंय! बोकडावरून अशी बोलणी सुरू झाली की मला बघायचं राहूनच गेलं. त्याच दिवशी मी मनात होकार दिला.

म्हणून मी आता ऐकणार न्हाई. काल देवळाच्या पायऱ्यांवर तालीम पण झाली. बंकटच पुढं होता, तोच म्हणाला, उचलू की. चौघांनी खुर्ची सरळ वर नेली, पारावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी पण वाजवल्या. दादा तवापासून माझ्याशी बोलला न्हाई. लाजत असंल. एवढ्या लोकांपुढं जायचं म्हणजे कुणालाही धाकधूक होतीच.

एक विचारते, खरं सांग. तुला लाज वाटती का ग त्याची? लहानपणी त्याला कडेवर घेऊन सगळं गाव फिरलीस म्हणे. आता चारचौघांत तो दिसला तर तुझी मान खाली जाती का? जात असंल तर लग्नाला येऊ नको. मला चालंल.

सुकन्या

*

तलवाडा
१६ एप्रिल

आत्या,

नाथाचा नमस्कार. म्या कधी पत्र लिहिलं न्हाई, तवा गोड मानून घे.

सुकी तुला काय काय लिहिती ते मला ठावं हाय. लिहिताना तोंडानं पण बोलती. तू माझ्यापायी शिव्या खातीस, ते मला बघवंना. आता सांगून टाक तिला. कान बंकटनं पिळावा हे म्याच तुला सांगितलतं, अर्जुनरावांनी न्हाई का कुणी न्हाई. तिला सांगू नको म्हणलं, कावून की ती स्टेजसाठी लगीन मोडंल. पोरगी तशीच हाय.

चुलत्याच्या पोरीच्या लग्नात मला असंच उचललतं. तू पंगतीत होतीस, तू बघितलं न्हाईस. एकानं चाक धरलं, एकानं पाय. शर्ट वर गेला, प्यांट खाली आली. मला हात हलवता येईना, कावून की हात सोडला तर पडलो असतो. फोटोवाला म्हणतो, हसा दादा. मंग लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्या, टाळ्या कावून? म्या काय केलतं? मला वर ठेवलतं फक्त, ज्वारीच्या पोत्यासारखं.

त्या दिवशी देवळाच्या पायऱ्यांवर पुन्हा तेच. आन् टाळ्या वाजवणाऱ्यांत सुकी. मला त्याचाच लई राग आला.

तू म्हणशील, पाव्हण्याचा कान पिळायची हौस न्हाई का? हाय की! ती पाळण्यात होती तवापासून हाय. रोज तिच्याशी भांडतो ते उगंच का? पण म्या माझ्या चाकावर, माझ्या हातानं जाणार. कुणी उचलून नेलेला मानूस दुसऱ्याला काय दम देणार? ज्याचे सोताचे पाय अधांतरी, त्याच्या दमाला पाव्हणा हसंल.

स्टेज काही खाली येत न्हाई. मंग बंकट जाऊ दे. म्या खालून बघीन.

नाथा

*

युसूफ वडगाव
२२ एप्रिल

सुके,

आता तू दार लाव.

तो एक मानूस अर्जुनराव न्हवता. नाथा होता. बंकटचं नाव मला नाथानं सांगितलं, आन् जबान पण त्यानंच घेतली. तू त्याच्यासाठी साऱ्या जगाशी भांडलीस, फक्त त्याला तेवढं इचारायचं राहिलं. तुला वाटलं तो लाजतोय. तो तुझ्यावर चिडलाय, येडे! मागच्या लग्नात त्याला उचललं तवा त्याची इज्जत सगळ्या मांडवानं बघितली. त्यालाच टाळ्या पडल्या. आन् तू देवळापाशी पुन्हा टाळ्या वाजवल्यास.

मला लाज वाटती का म्हणून इचारलंस. ते वाचून म्या दुपारची भाकर खाल्ली न्हाई. त्याला कडेवर घेतलं, ते त्याला चालता येत न्हवतं तवा, वर्साचा असताना. आता तो बाप्या मानूस हाय. आता त्याला कडेवर घ्यायचं न्हाई, हे मला कळलं. तुला कळंना.

बरं. बोलून झालं. आता राग गिळ आन् ऐक. त्याला कान पिळायचा हाय. पोराचा जीव त्या कानात अडकलाय. उचलून घेणार न्हाई म्हणतो, तर तो खराच हाय. मंग राहिलं काय? मला स्टेजचं कौतुक कधीच न्हवतं. माझं लगीन मेंढरांच्या वाड्याशेजारी जमिनीवर लागलं, आन् चाळीस वर्सं टिकलं.

आत्या

*

तलवाडा
२७ एप्रिल

आत्या,

माझं चुकलं. तुझ्या पायावर डोकं ठेवते, आज रागात न्हाई.

तुझं पत्र वाचून दादाकडं गेले. तो शेळीच्या पिल्लांना दूध पाजत होता. मी म्हणाले, दादा, मी टाळ्या वाजवल्या. तो म्हणाला, व्हय, दिसलं. मी म्हणाले, आता काय करू? तो म्हणाला, आधी ती चादर काढ माझ्या खुर्चीवरून. मला रडू आलं, त्याला हसू आलं, आन् पिल्लू दूध सांडून पळालं. मंग मी त्याला पहिल्यांदा नीट विचारलं, तुला काय पाहिजे? तो म्हणाला, जमीन सपाट पाहिजे, बाकी माझं मी बघतो.

झालं मंग! मी लगेच जीवनरावांना फोन लावला. म्हणाले, लग्न स्टेजवर लागणार न्हाई, खाली लागंल. ते म्हणाले, वडील ऐकायचे न्हाईत, सजावटवाल्याला सांगून झालंय, व्हिडिओवाला उंचावरूनच घेतो. मी म्हणाले, मंग तुमी स्टेजशीच लग्न करा. ठेवला फोन.

आज तीन दिवस झाले, तिकडून फोन न्हाई. माय देवापुढं बसून हाय. आबा काल म्हणाले, मोडलं तर मोडलं, पोरगं सारखं खाली बसून बघणार न्हाई. आबा असं बोलतात हे मलाच ठाऊक न्हवतं.

खरं सांगू का, मला जीवनराव आवडतात. लई आवडतात. रात्रंदिवस फोनकडं बघते. पण मी मागं हटणार न्हाई. ज्या लग्नात माझ्या भावाला खालून बघावं लागतं, त्या लग्नात मी वर उभी राहून काय करू?

तू वडवणीला जाशील का?

सुकन्या

*

युसूफ वडगाव
३ मे

सुके,

जाऊन आले. यष्टीत उभ्यानं गेले, पाय सुजलेत, ते तुझ्या नावावर मांडून ठेवते.

अर्जुनरावांनी खुर्ची दिली, सरबत दिलं. मंग सुरू झाले. स्टेज आमच्या इज्जतीचा सवाल हाय, पुढारी येणार, भाषणं होणार. म्या म्हणलं, मला ऐकू येत न्हाई. ते मोठ्यानं बोलले. म्या म्हणलं, न्हाई येत. ते ओरडले, शेजारी गोळा झाले. शेजाऱ्यांपुढं म्या इचारलं, नवरीच्या सख्ख्या भावाला कान पिळू द्यायचा न्हाई, असं म्हणता का तुमी? मंग ते एकदम हळू बोलाय लागले. तवा तर मला खरंच ऐकू आलं न्हाई.

सुके, तुझा नवरदेव दारात उभा होता. त्यानं बापाला सांगितलं, म्या त्या मानसापुढं बोकडासाठी खाली बसलोय, बायकोसाठी बसायला मला कसली लाज? फोन कावून केला न्हाई म्हणून इचारलं, तर म्हणतो, बापाला वळवल्याशिवाय कोणत्या तोंडानं करू? पोरगं बरं हाय.

शेवटी असं ठरलं. लगीन स्टेजच्या पुढं, खाली, सपाट फरशीवर. स्टेज पुढाऱ्यांना बसायला ठेवायचं. म्या म्हणलं, त्यांना उंचावर बसायची सवय हाय, त्यांची कावून मोडायची?

बंकटला सांग, तू आता पाव्हण्यांना पाणी दे.

आत्या

*

युसूफ वडगाव
१५ मे

नाथा,

लगीन झालं, सुकी गेली, घर मोकळं लागत असंल. जेवत जा.

एक सांग मला. म्या अगदी पुढं उभी होते. तू चाकं फिरवत आलास, नवीन फेटा, काय दिसत होतास! जीवन तुझ्यापुढं उकिडवा बसला. तू कान धरलास. इथवर बघितलं. मंग अर्जुनरावांनी पोशाख दिला, तू मांडीवर ठेवलास, पण कान सोडला न्हाईस. घड्याळ दिलं. सोडला न्हाईस. बामण घाई करत होता, स्टेजवरचे पुढारी माना वाकड्या करून खाली बघत होते. जीवनचा कान टमाट्यासारखा झाला. तू वाकून काहीतरी बोललास, तो बोलला, सुकी रडाय लागली, तवा कुठं तू सोडलास.

सगळ्यांनी ऐकलं आन् मलाच ऐकू आलं न्हाई. सुनेला इचारलं तर ती म्हणती, नाथाभावजींनाच इचारा. काय मागितलंस रे? सोनं?

आत्या

*

तलवाडा
२० मे

आत्या,

सोनं मागून काय करू, बोकडाच्या गळ्यात घालू?

पाव्हणे म्हणाले, सोडा आता दादा, पोशाख झाला, घड्याळ झालं. म्या म्हणलं, पोशाख बंकटला पण दिला असता तुमी. मला दुसरं पाहिजे. तुमचं घर बघायला आमी आलतो तवा सगळे वर गेले आन् म्या टेम्पोत बसून राहिलो, कावून की तुमच्या दाराला पायऱ्या हायत. चहा मला टेम्पोत आणून दिला. लई चांगला होता, पण टेम्पोत होता.

मंग म्या म्हणलं, पाव्हणं, माझी बहीण तुमच्या घरात राहणार. तिला नीट वागवता का न्हाई हे म्या टेम्पोतून बघू काय? पंचमीला तिला माहेरी आणायला मुराळी म्हणून म्या येणार. बंकट न्हाई, म्या. रस्त्यावरून हाक मारणार न्हाई. दारातून आत येणार, तिच्या चुलीपर्यंत. तवर तुमच्या दाराला उतार झाला पाहिजे. व्हय म्हणा, मंग सोडतो.

त्यांनी बापाकडं बघितलं. म्या जरा पीळ दिला. मंग ते बापाकडं न बघता म्हणाले, केला म्हणून समजा.

तवा म्या कान सोडला, आत्या. टाळ्या कुणी वाजवल्या न्हाईत. फार बरं वाटलं.

घर मोकळं लागतं, ते खरं हाय. खुर्चीवर चादर टाकायला कुणी न्हाई. परवा म्या सोताच टाकून बघितली. माय म्हणाली, येडा झालास का?

नाथा

*

वडवणी
२२ जुलै

दादा,

आपण जन्मभर एका घरात राहिलो, त्यामुळं तुला पत्र लिहायची वेळच आली न्हाई. फोनवर बोलले असते, पण सासरे शेजारीच बसलेले असतात आन् हे त्यांच्याविषयी हाय.

उताराचं सांगते. सासरे रोज म्हणायचे, पंचमी झाल्यावर बघू, पावसाचं पाणी आत येईल, शोभा जाईल. जुलै लागंपर्यंत मी वाट बघितली. मंग एका सकाळी पहार घेतली आन् पहिली पायरी फोडली. नवी सून पायरी फोडतीय म्हणून सगळी गल्ली गोळा झाली. सासरे ओरडले, हे काय चाललंय? मी म्हणाले, मला ऐकू येत न्हाई. आत्याकडून शिकले. मंग हे आले, माझ्या हातातली पहार घेतली. मला वाटलं, आता संपलं. यांनी कानाला हात लावला, हसले, आन् दुसरी पायरी फोडली.

उतार झालाय. सिमेंट वाळलंय. लांब केलाय मुद्दाम, तुला दम लागू नये म्हणून. सासरे आता रोज त्यावरून मोटारसायकल ओट्यावर चढवतात आन् येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, गाडीसाठी केला. मी आतून बाहेर येते आन् सांगते, न्हाई हो, माझ्या भावासाठी केलाय, गाडी आपली फुकटात चढती.

काल चुलतीचा फोन आला. म्हणाली, पाऊसपाणी हाय, नाथाचे हाल कावून करता, बंकटच येईल मुराळी. मी सांगितलं, बंकट आला तर जेवून परत जाईल. मी हलणार न्हाई. पंचमीचा झोका रिकामा राहिला तरी हलणार न्हाई. पण या वेळी आधी तुला विचारते. तुला यायचं हाय ना? पावसात, टेम्पोत, चिखलात? तू न्हाई म्हणालास तर मी रागावणार न्हाई.

पण तू न्हाई म्हणणार न्हाईस, हे मला ठाऊक हाय. पंक्चरचं सामान मी काढून ठेवलंय. तुझ्यासाठी खुर्ची-बिर्ची काही ठेवणार न्हाई, तू तुझी घेऊन येतोस.

आन् दारात थांबून हाक मारू नको. सरळ आत ये.

सुकी